चर्चापत्रांतला ‘आपण’ कुठवर पोहोचतो? वाचकांच्या पत्रांतला भेदभाव तपासण्याची रीत

गुजराती वर्तमानपत्रांत ज्याला चर्चापत्र म्हणतात, तोच मराठीतला वाचकांचा पत्रव्यवहार. बडोद्याच्या मराठी घरांत दोन्ही शब्द सर्रास चालतात. अग्रलेख लिहिणारा जपून लिहितो, बातमीदाराला चौकट असते. चर्चापत्री मात्र शेजारी, भाडं, नळाचं पाणी, शाळा, नोकरी असल्या रोजच्या गोष्टींवर स्वतःच्या नावानं बोलतो. दुभंगलेल्या समाजात कोण कोणाला आपलं मानतं, हे पाहायला यासारखी दुसरी जागा नाही. पण हा रकाना नुसता चाळला तर हमखास फसगत होते. दोन शिवराळ पत्रं डोक्यात राहतात आणि सभ्य भाषेतली वीस पत्रं नजरेतून निसटतात. भेदभाव बहुतेक वेळा त्या विसांतच असतो.

पुढची रीत दोन ते चार जणांच्या गटासाठी आहे. महाविद्यालयातली मुलं, निवृत्त शिक्षक, वाचनमंडळ, कोणीही ती वापरू शकेल. गटात किमान एकाला गुजराती छापील मजकूर न अडखळता वाचता आला पाहिजे. एका वर्षाचा एक रकाना तपासायला साधारण २४ अंक आणि शंभर ते सव्वाशे पत्रं हाताळावी लागतात. एका पत्राला ६ ते ८ मिनिटं धरली, तर नुसत्या नोंदींचे १५ तास होतात. अंक शोधणं, वाद घालणं आणि दुसऱ्यांदा नोंदवणं धरून तेवढेच तास आणखी. आठवड्यातून एक रविवार दिला तर अडीच-तीन महिन्यांचं काम आहे.

आधी शब्दांचा निकाल लावा

‘वंश’, ‘जात’, ‘कोम’, ‘ज्ञाती’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की पुढचं सगळं बिघडतं. गुजरातीत ‘कोम’ बहुधा धर्मसमूहासाठी येतो, म्हणून ‘कोमी’ म्हणजे धार्मिक तेढीशी निगडित. ‘ज्ञाति’ म्हणजे जात. मराठी माणूस ‘कोम’चं भाषांतर घाईत ‘जमात’ करतो आणि अर्थ निसटतो. नोंदवहीत मूळ शब्द जसाच्या तसा, पण देवनागरीत उतरवा. भाषांतर शेजारच्या रकान्यात लिहा.

जात म्हणजे वंश का, हा वाद तुमच्या गटात पहिल्याच दिवशी निघेल. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या वंशभेदविरोधी करारात वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ अशी व्याख्या आहे. यातल्या ‘कूळ’ शब्दात जात बसते, असं त्या कराराच्या समितीनं २००२मध्ये सांगितलं. भारत सरकारला ते मान्य नाही. त्याच्या आदल्या वर्षी डर्बन शहरात वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हाही दलित संघटना आणि सरकार यांच्यात हाच वाद झाला होता. नोंदीसाठी त्याचा निकाल लागण्याची गरज नाही. नोंदवहीत ‘लक्ष्य’ नावाचा एक रकाना ठेवा आणि त्यात जात, धर्म, भाषा-प्रांत, वंश-रंग, अनिर्दिष्ट असे पाच पर्याय द्या. भेद मोजताना एक शब्द चालेल, पण जात आणि वंश यांना एकाच खान्यात कोंबू नका. दोन्हींचा इतिहास आणि कायदे निराळे आहेत.

हात बसवायला नाताळ वसाहतीची पत्रं

स्वतःच्या शहराची पत्रं पहिल्यांदा हातात घेतली की माणूस लगेच बाजू घेतो. म्हणून सराव लांबच्या समाजावर करावा. त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथल्या वादाची एक बाजू बडोद्यात बसून वाचता येते. गांधीजींच्या समग्र लेखनाचा पहिला खंड घ्या. इंग्रजीत असे शंभर खंड आहेत, गुजरातीत ‘अक्षरदेह’ या नावानं ८२. वर्तमानपत्रांना लिहिलेली त्यांची पत्रं या पहिल्याच खंडात आहेत.

सुरुवात मे १८९३पासून करा. डर्बनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटनं पगडी उतरवायला सांगितली, तेव्हा गांधीजी बाहेर पडले. स्थानिक वर्तमानपत्रानं त्यांना ‘नको असलेला पाहुणा’ ठरवलं आणि त्यांनी संपादकाला पत्र लिहिलं. पुढच्या तीन-चार वर्षांत गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तक्रारी त्याच त्याच कारणांवर फिरत राहतात: हिंदी (म्हणजे भारतीय) व्यापारी स्वस्तात विकतात, ते अस्वच्छ राहतात, त्यांना मत दिलं तर ते आपल्या डोक्यावर बसतील. ही तक्रार रकान्यापुरती राहिली नाही. १८९५मध्ये गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, संपवून तिथेच राहू पाहणाऱ्यांवर ३ पौंडांचा कर बसवणारा कायदा झाला. १८९७मध्ये व्यापारी परवान्यांचा आणि स्थलांतर रोखण्याचा असे दोन कायदे आले. सरावात म्हणूनच ‘मागणी काय’ हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. आजच्या पत्रातली मागणी उद्याच्या कायद्याचा मसुदा होऊ शकते.

याच काळातला दुसरा धडा बातमीचा. गांधीजींनी १८९६च्या ऑगस्टमध्ये राजकोटहून एक पुस्तिका काढली. तिच्या हिरव्या मुखपृष्ठावरून ती ओळखली गेली. नाताळात पोहोचला तो मात्र तिचा तारेनं पाठवलेला, तीन ओळींचा, भडक सारांश. लोक खवळले ते त्या सारांशावर. डिसेंबरात ‘कुरलँड’ आणि ‘नादरी’ या बोटी डर्बनला लागल्या, तेव्हा उतारूंना तीन आठवड्यांहून जास्त काळ अडकवून ठेवलं. १३ जानेवारी १८९७ला गांधीजी उतरले आणि जमावानं त्यांना मारलं. अशा काळातलं पत्र तपासताना पत्रलेखकानं काय वाचून ते लिहिलं, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. मूळ मजकूर, त्याची बातमी आणि बातमीवरचं पत्र अशी तीन पानं शेजारी ठेवावी लागतात.

तिसरा धडा पचायला जड आहे आणि तो टाळू नये. डिसेंबर १८९४मध्ये नाताळच्या विधिमंडळ सदस्यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात गांधीजींची तक्रार अशी आहे की हिंदी लोकांना रानटी लोकांच्या किंवा आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांच्या पंक्तीला बसवलं जातं. उत्तर म्हणून ते इंग्रज आणि हिंदी एकाच आर्य मुळाचे असल्याचं सांगतात. १९०४मध्ये जोहान्सबर्गच्या आरोग्य अधिकाऱ्याला लिहिताना हिंदी वस्तीत आफ्रिकी लोक मिसळवल्याबद्दल त्यांनी तीव्र आक्षेप घेतला. म्हणजे एकाच पत्रात माणूस आपल्यावरचा अन्याय झिडकारतो आणि त्याच दमात तिसऱ्याला खालची पायरी देतो. १९०८मध्ये जोहान्सबर्गच्या भाषणात मात्र तेच सगळे वंश एकत्र मिसळण्याचं भविष्य रंगवताना दिसतात. नोंदीत प्रत्येक मजकूर त्याच्या तारखेला बांधून ठेवायचा. १९०८चं भाषण १८९४च्या पत्राला लावून ते सौम्य करायचं नाही, आणि १८९४चं पत्र पुढच्या सगळ्या आयुष्याला चिकटवायचं नाही.

यातून नोंदवहीच्या तक्त्यात एक रकाना वाढतो: ‘तिसरा गट’. पत्रात वाद दोघांत असतो, पण तुलनेसाठी तिसऱ्याला ओढून आणलं जातं. “आम्ही काय अमुक-तमुक आहोत का?” हे वाक्य दिसलं की तो रकाना भरायचा. आपल्याकडची पत्रं याच वाक्यानं भरलेली असतात.

या सरावाची एक मर्यादाही लिहून ठेवा. गांधीजींचं उत्तर हाती लागतं, पण ज्याला उत्तर दिलं ते गोऱ्या वाचकाचं पत्र बहुतेक वेळा मिळत नाही. तळटिपेत तुकडा मिळाला तर मिळाला. म्हणून ‘मूळ पत्र पाहिलं / उत्तरावरून कळलं’ अशी खूण करा. उत्तरावरून कळलेली पत्रं मोजणीत धरू नका.

अंक निवडताना

सलग महिना घेऊ नये. त्या महिन्यात दंगल, निवडणूक किंवा मोर्चा असला तर वर्षभराचं चित्र बिघडतं. त्याऐवजी रचलेला आठवडा घ्या. वर्षातल्या सगळ्या सोमवारच्या तारखा चिठ्ठ्यांवर लिहून चार उचला, मग मंगळवारच्या चार, असं शनिवारपर्यंत. एकूण २४ अंक, म्हणजे असे चार आठवडे झाले. रविवारी रकाना छापला जात असेल तर आणखी चार. दैनिकाच्या सर्वसाधारण मजकुरासाठी वर्षाला असे दोन आठवडे पुरतात, असं अभ्यासक मानतात. पत्रांत चढउतार जास्त असतो, म्हणून इथे चार. चिठ्ठीत आलेल्या दिवशी रकानाच नसेल तर शेजारचा अंक उचलू नका. ‘रकाना नाही’ अशी नोंद करा. जाहिरातींनी रकाना गिळला का, की ऐन तणावाच्या दिवसांत तो बंद ठेवला, हेही त्यातून दिसतं.

घटनेचा नमुना वेगळा काढा. घटनेआधीचे ३ दिवस आणि नंतरचे १४ दिवस सलग घ्या. गुजरातच्या बाबतीत १९८१ आणि १९८५ची आरक्षणविरोधी आंदोलनं, किंवा ऑगस्ट २०१५चं पाटीदार आंदोलन, अशी ठिकाणं जातीविषयीच्या पत्रांना योग्य आहेत. ‘मेरिट’ हा एकच शब्द या तीन काळांत कोणाच्या तोंडी आणि कोणत्या अर्थानं येतो, एवढंच शोधलं तरी एक लेख होईल. घटनेचा नमुना आणि वर्षाचा नमुना कधीही एकत्र बेरजेला घेऊ नका.

मराठीत काही शोधायचं असेल तर बडोद्याचा स्वतःचा वारसा आहे. भगवंतराव पाळेकरांचं ‘जागृती’ हे १९१७ साली इथूनच निघू लागलेलं सत्यशोधकी विचारांचं साप्ताहिक. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची भाषा पाहायची तर त्याचे अंक जिथे मिळतील तिथे जावं.

ग्रंथालयात बसल्यावर

१९१०मध्ये सयाजीरावांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना आणून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. त्या काळापासूनचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय ही बडोद्यातली पहिली दोन ठिकाणं. जाण्याआधी कोणत्या वर्षांच्या बांधीव फाइली आहेत हे विचारून घ्या, परवानगीचं पत्र न्या, आणि फोटो काढता येतील का हे लेखी विचारा. जुना वर्तमानपत्री कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. घडीच्या ओळीवर तो आधी फाटतो. पान कोपऱ्यानं न उचलता खाली तळहात सरकवून उलटा, फाइल सपाट टेबलावर ठेवा, फ्लॅश बंद, हातात पेन नको, शिसपेन्सिल. फोटो घेताना पूर्ण पानाचा एक आणि रकान्याचा एक. नुसतं पत्र टिपलं तर शेजारी कोणती बातमी होती ते हरवतं, आणि तारीख-पानही बऱ्याचदा वरच्या पट्टीत राहून जातं. बांधणीच्या बाजूचे शब्द शिवणीत गेले असतील तर अंदाजानं भरू नका. चौकोनी कंसात तीन टिंबं द्या.

नोंदतक्ता

वहीचं आडवं पान किंवा एक्सेल, काहीही चालेल. रकाने असे: अनुक्रमांक, वर्तमानपत्र, तारीख, पान, शब्दसंख्या, मथळा, नाव दिलं आहे की टोपणनाव, गाव किंवा विभाग, कशावरून लिहिलं, लक्ष्य, तिसरा गट, ‘आपण/आम्ही’चे शब्द, पुरावा काय दिला, मागणी, भेदाचा प्रकार, शेरा.

मथळ्याचा रकाना वेगळा ठेवण्याचं कारण आहे. मथळा बहुतेक वेळा संपादक विभाग देतो. सौम्य पत्रावर भडक मथळा, किंवा जहरी पत्रावर गुळगुळीत मथळा, हा स्वतंत्र पुरावा आहे. तो पत्रलेखकाच्या नावावर घालू नये.

नावावरून जात-धर्म ओळखण्याचा मोह बडोद्यात तर मुळीच नको. पटेल हिंदू असतो, मुसलमान असतो, पारशीही असतो. सोळंकी, परमार, चौहाण ही आडनावं राजपुतांपासून दलित आणि ख्रिस्ती घरांपर्यंत आहेत. देसाई अनाविल, रबारी किंवा कोकणातून आलेला मराठी, कोणीही असेल. पत्रलेखकानं स्वतः सांगितलं असेल तेवढंच लिहा, बाकी ‘माहीत नाही’. टोपणनावाला पळपुटेपणा समजू नका. १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिणाऱ्या गोपाळ हरी देशमुखांनीही ‘लोकहितवादी’ हेच नाव घेतलं होतं. ज्याला बोलण्याची किंमत मोजावी लागते तो नाव झाकतो. टोपणनावांचं प्रमाण कोणत्या विषयावर वाढतं, हे मात्र मोजा.

‘आपण’ आणि ‘आम्ही’

माझ्या मते सगळ्या तक्त्यात मोलाचा रकाना हाच. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांचं तेच. इंग्रजी किंवा हिंदी पत्रांत ही सोय नाही, तिथे एकाच शब्दातून दोन्ही अर्थ उकलावे लागतात. मराठी-गुजराती पत्रलेखक मात्र दर वाक्याला, नकळत, कुंपण कुठे आहे ते दाखवून जातो. पत्रातले हे सगळे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर लिहा: यात कोण आत आहे?

सरावासाठी रचलेलं एक पत्र घेऊ:

“आमच्या सोसायटीत आजवर सगळे गुण्यागोविंदानं राहत आले. आम्ही जातपात मानत नाही. पण परवा एक फ्लॅट अशा कुटुंबाला विकला गेला, ज्यांची राहणीच वेगळी आहे. जिन्यात वास येतो. उद्या लग्नाच्या मुली असलेल्या घरांनी काय करायचं? महापालिकेनं सोसायट्यांना शाकाहारी राहण्याचा हक्क द्यावा, म्हणजे आपल्या बडोद्याची संस्कारी नगरी ही ओळख टिकेल.”

यात शिवी एकही नाही. आता ओळीनं पाहा. पहिल्या दोन वाक्यांत ‘आम्ही’ म्हणजे जुने रहिवासी. शेवटच्या वाक्यात एकदम ‘आपलं बडोदं’ येतं, म्हणजे वाचकाला आत घेतलं आणि सोसायटीचं भांडण शहराचं झालं. त्या शहराच्या ‘आपण’मध्ये नवीन कुटुंब मात्र नाही. ‘विकला गेला’ म्हणताना विकणारा गायब झाला आहे. तो आजवर गुण्यागोविंदानं राहणाऱ्यांपैकीच एक होता, पण त्याच्यावर रोख नाही. पुराव्याच्या रकान्यात ‘वास’ एवढंच येईल. लग्नाच्या मुलींबद्दल कोणतीही घडलेली गोष्ट नाही, नुसती धास्ती आहे. मागणी संस्थेकडे आणि कायमच्या हक्काची आहे.

लक्ष्याच्या रकान्यात ‘अनिर्दिष्ट’ लिहा. मुसलमान, दलित, ख्रिस्ती यांपैकी कोणीही असेल, आणि मासे खाणारं मराठी कुटुंबही असेल. ‘शाकाहारी’ हा गुजरातच्या घरभाड्याच्या भाषेतला झाकलेला शब्द आहे. त्याच्या मागे कोण आहे हे एका पत्रावरून ठरत नाही. त्याच वर्तमानपत्रातली महिनाभराची पत्रं वाचून ते कधीकधी स्पष्ट होतं. तसं झालं तर शेऱ्यात लिहा, लक्ष्याची नोंद मागे जाऊन बदलू नका.

भेदाचे प्रकार

सहा खुणा पुरतात. उघड हीनता: अमुक लोक स्वभावानंच तसे. सभ्य अंतर: मला काही नाही, पण स्वच्छता, शांतता, भाव, परंपरा. कृपादृष्टी: ते बिचारे आहेत, त्यांना आपण सुधारलं पाहिजे. नकार: आमच्याकडे भेदभाव राहिलाच नाही, बोलणारेच जातिवादी. सोबत: भेदाला नाव घेऊन विरोध. आणि ‘लागू नाही’. एका पत्राला एक मुख्य आणि लागलीच तर एक दुय्यम खूण द्या, तीन नकोत.

घोटाळा सगळ्यात जास्त होतो तो ‘सभ्य अंतर’ ओळखताना. त्यासाठी याच शहरात घडलेला प्रसंग मापदंड म्हणून वापरता येतो. १९१७मध्ये आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितलं. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानं बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं. पुढचे काही तास ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. लाठ्या ही पहिली खूण, उघड. दोन मित्रांची उत्तरं ही दुसरी: दोघांनीही स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं नाही, नकार तिसऱ्याच्या खांद्यावर ठेवला. पत्रात “भाडेकरू सोडून जातील”, “पालक तक्रार करतील”, “उद्या गडबड झाली तर जबाबदार कोण” असं आलं की विचारा: लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत कुठे आहे? ते नसेल आणि परिणाम मात्र दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचाच असेल, तर खूण ‘सभ्य अंतर’. २०२४मध्ये हरणी भागातल्या सरकारी घरकुलात एका मुसलमान कुटुंबाच्या फ्लॅटवरून रहिवाशांनी अधिकाऱ्यांना लेखी हरकत दिली, तेव्हाही पुढे होऊ शकणाऱ्या गडबडीचाच आधार घेतला गेला. शंभर वर्षांनीही वाक्याची बांधणी फारशी बदललेली नाही.

नाव बदलून पाहणं, म्हणजे त्या गटाच्या जागी स्वतःच्या गटाचं नाव घालून पत्र मोठ्यानं वाचणं, चर्चेला फार उपयोगी पडतं. ‘घाटी’ हा शब्द ज्यानं स्वतः ऐकला आहे त्याला लगेच कळतं. पण खूण त्यावरून देऊ नका. टोचलं की नाही हे वाचणाऱ्यावर ठरतं, खूण पत्रातल्या शब्दांवर ठरली पाहिजे.

दोघांनी वेगवेगळं नोंदवायचं

एकट्याच्या नोंदीवर विश्वास ठेवू नका. पहिली ५० पत्रं दोघांनी एकमेकांना न दाखवता नोंदवावी, मग जुळणी करावी. नुसती टक्केवारी फसवते. समजा, ‘सभ्य अंतर आहे का’ या प्रश्नावर दोघांचं १२ पत्रांत हो, ३० पत्रांत नाही असं जुळलं, ५ पत्रांत फक्त पहिल्यानं हो म्हटलं, ३ पत्रांत फक्त दुसऱ्यानं. ५०पैकी ४२ जुळली, म्हणजे ८४ टक्के. छान वाटतं. पण पहिल्याचे हो १७ (०.३४) आणि दुसऱ्याचे १५ (०.३०). डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी ०.३४ × ०.३० = ०.१०२ आणि ०.६६ × ०.७० = ०.४६२, मिळून ०.५६४ एवढं जुळलंच असतं. ते वजा करून (०.८४ − ०.५६४) ÷ (१ − ०.५६४) = ०.६३. या आकड्याला कोहेनचा कप्पा म्हणतात. ०.८०च्या वर असेल तर निर्धास्त पुढे जा, ०.६७ ते ०.८० असेल तर जपून विधान करा. ०.६३ म्हणजे थांबा. न जुळलेली ८ पत्रं टेबलावर ठेवा, वाद घाला, व्याख्येत एक वाक्य वाढवा आणि नव्या ५० पत्रांवर पुन्हा मोजा. त्याच पत्रांवर पुन्हा मोजणं म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणं.

गटातले सगळे एकाच जातीचे किंवा एकाच धर्माचे असतील तर कप्पा उत्तम येईल आणि तरी काम कच्चं राहील. एखादी गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच दिसत नसते. लक्ष्य होणाऱ्या गटातला निदान एक माणूस नोंदणीत हवा, नुसता शेवटी मत द्यायला नव्हे.

कुठे बिघडतं

छापलेली पत्रं म्हणजे समाज नव्हे. आलेल्यांतून संपादकानं निवडलेली, कापलेली पत्रं ती. तेढ पसरवण्याबद्दलचं कलम, पूर्वी दंड संहितेचं १५३ अ आणि आता न्याय संहितेचं १९६, डोक्यावर असल्यानं जहाल भाषा छापण्याआधीच गाळली जाते. म्हणून ‘बडोद्यातले इतके टक्के लोक असं मानतात’ हे वाक्य कधीही लिहू नका. ‘या रकान्यात या वर्षी छापल्या गेलेल्या पत्रांपैकी इतकी’ एवढंच म्हणता येतं. तुलना मात्र करता येते: हे वर्ष आणि ते वर्ष, हे वर्तमानपत्र आणि ते.

नेहमीचे चर्चापत्री दुसरी अडचण. प्रत्येक रकान्याला सात-आठ हक्काचे लेखक असतात. एकानं १५ पत्रं लिहिली तर ती १५ माणसं होत नाहीत. पत्रांची संख्या आणि वेगळ्या लेखकांची संख्या दोन्ही द्या.

आणि ‘लागू नाही’ची पत्रं फेकून देऊ नका. ती बाजूला काढली की उरलेल्यांत भेद फुगून दिसतो.

निष्कर्ष लिहिताना

पत्रलेखकाचं नाव छापील असलं तरी तुमच्या अहवालात घेऊ नका, सोसायटीचंही नाही. अनुक्रमांक पुरतो. तीस वर्षांपूर्वीच्या एका पत्रासाठी आज कोणाच्या दारात कोणी जाऊ नये. हीन शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण लिहा, तो कोणासाठी वापरला जातो ते सांगा, पुढे खुणेनं चालवा. प्रत्येक प्रकारचं एक पूर्ण पत्र नमुन्यादाखल द्या. तोडलेलं वाक्य कोणालाही हवं तसं वळवता येतं. मराठी पत्रं आणि गुजराती पत्रं दोन्ही तपासली असतील तर आधी मराठी पत्रांचे निकाल मांडा.

शेवटचं काम त्याच रकान्यात करायचं. तपासलेल्या वर्तमानपत्राला दीडशे शब्दांचं चर्चापत्र पाठवा: एक आकडा, एक उदाहरण, ‘सोबत’ खूण मिळालेल्या एका पत्राचा उल्लेख, आरोप नाही. पाठवलेली प्रत ठेवा. छापून आलं तर काय कापलं आणि मथळा काय दिला ते पाहा, नाही आलं तर तारीख टाकून तसं लिहा. मग त्या पत्रालाही तक्त्यात पुढचा अनुक्रमांक द्या आणि इतर पत्रांसारखंच, सगळे रकाने भरून, नोंदवा. त्यातले ‘आपण’ आणि ‘आम्ही’ अधोरेखित करायचं काम गटाबाहेरच्या कोणालातरी द्यावं.